प्रश्न मास्तरांचे, उत्तरं बाईंची

पस्तीस वर्षं दुकानात एकच वाटणी होती: शिंपीमास्तरांनी बेतायचं, बाईंनी शिवायचं. दोघांनी एकच काम करणं म्हणजे मास्तरांच्या लेखी एक माणूस फुकट. त्यामुळे लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या परदेशातल्या सासरी जायचं ठरलं आणि प्रवासापुरतं स्पॅनिश शिकवणारं पुस्तक घरात आलं, तेव्हा मास्तरांचा हात आपोआप कात्रीकडे गेला. प्रत्येक पानावर डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं. मास्तरांनी पुस्तक मधोमध उभं कापलं.

"अहो, हे काय?"

"विचारायचं मी, उत्तर द्यायचं तू. निम्म्या वेळात भाषा तयार."

"आणि तुम्ही जवळ नसलात तर?"

"मी कुठं जातोय?"

महिनाभर मशीनच्या तालावर तालीम चालली. गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता मास्तर विचारत, "कोमो एस्ता?" म्हणजे कसं काय. बाई दोरा दातानं तोडून म्हणत, "बिएन, ग्रासियास." म्हणजे बरं आहे, आभारी आहे. गिऱ्हाइकाचा श्वास अडकायचा आणि माप एक इंचानं चुकायचं.

निघायला चार दिवस उरले असताना माळ्यावरची बॅग काढायला मास्तर स्टुलावर चढले आणि बॅगेच्या आधी खाली आले. पाय प्लास्टरमध्ये गेला.

"माझे प्रश्न घेऊन जा," ते म्हणाले.

"चार दिवसांत काय डोंबल शिकणार? असू द्यात तुमच्याजवळ."

बाई एकट्याच विमानात बसल्या, पर्समध्ये नुसती उत्तरं घेऊन.

उत्तरांवर माणसाचं बरंच भागतं. विमानतळावर भागलं, विहीणबाईंच्या घरी तर झकास भागलं. थंडी वाजते? नाही, आभारी आहे. अजून वाढू? नाही, आभारी आहे. विहीणबाईंनी मुलाला सांगितलं, तुझी सासू फार समाधानी, कधी काही विचारत नाही.

आठवड्यानं लेकीला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात जावई तिच्याबरोबर आत गेला. बाहेर बाकावर दोघी विहिणी. चार तास झाले. नर्स यायची, विहीणबाईंशी दोन शब्द बोलून आत जायची. बाई इतक्या शांत बसलेल्या पाहून विहीणबाई फक्त पाणी हवं का विचारत. लेक कशी आहे, हा प्रश्न बाईंच्या घशापर्यंत आलेला, पण तो मास्तरांच्या निम्म्यातला; महिनाभर ऐकूनही बाईंनी कधी स्वतः म्हटलेला नव्हता.

नर्स पुन्हा बाहेर आली, तेव्हा बाईंनी उठून मास्तरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून तिच्यासमोर धरला.

"अहो, विचारा."

"काय विचारू?"

"लेक कशी आहे, ते विचारा."

मास्तरांनी विचारलं, "कोमो एस्ता?" पाठांतर चोख होतं. नर्स हसून भरभर बोलली. त्यातला 'बिएन' बाईंना तीनदा ओळखू आला आणि त्या परत बाकावर बसल्या.

"बरी आहे हो," त्या म्हणाल्या.

नर्सनं फोनकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. त्यातला 'आबुएलो' हा शब्द विहीणबाईंनी बाईंकडून आठवडाभर घोकून घेतला होता. बाई म्हणाल्या, "सी."

"काय विचारलं तिनं?"

"तुम्ही कोण ते. मी हो म्हटलं."

"हो काय? कोण म्हणून हो?"

"आजोबा म्हणून."

नर्स फोनकडे बघत थांबली. काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि मास्तरांजवळ प्रश्नच तेवढे होते. त्यांनी एका दमात सगळे विचारून टाकले: स्टेशन कुठे आहे, खिडकीजवळची जागा मिळेल का, सामान कुठे ठेवू, पुढची गाडी किती वाजता.

नर्सनं बाईंचे डोळे पाहिले, शेजारी टेकली आणि एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देऊ लागली.