बरणीवरचं लेबल

मी आयुष्यात फारसं वाचलेलं नाही. ऑफिसात येणाऱ्या फायलीसुद्धा मी सही करायची जागा सापडेपर्यंतच वाचतो. त्यामुळं गेल्या महिन्यात मी बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचायला घेतली, तेव्हाच घरच्यांनी सावध व्हायला हवं होतं.

झालं असं, की आमच्या ऑफिसात एका डॉक्टरबाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता अल्ट्रा-प्रोसेस्ड अन्न, म्हणजे कारखान्यात इतक्या वेळा धुतलेलं, रंगवलेलं आणि वास मारलेलं अन्न, की त्याला स्वतःचं मूळ गाव आठवत नाही. बाई म्हणाल्या, पुड्यावरची यादी वाचा. तिच्यात पाचाहून जास्त जिन्नस असतील, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरात सापडणारे नसतील, तर पुडा दुकानातच ठेवा. यातलं 'आणि'पासून पुढचं मी ऐकलं नाही, कारण त्याच वेळी मागच्या दारानं समोसे आत येत होते. (व्याख्यानाला अल्पोपाहार होता. मी तीन समोसे खाऊन अंतर्मुख झालो.)

तर पाच जिन्नस. एवढ्या सोप्या नियमावर मी आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घराचं आरोग्य सुधारायचं ठरवलं. त्यासाठी शनिवार निवडला, कारण रूपा, म्हणजे माझी बायको, शाळेच्या प्रशिक्षणाला जाणार होती. सुधारणेच्या कामात तज्ज्ञ माणसं घरात नसलेली बरी.

मी फळ्यांसमोर स्टूल मांडलं आणि एकेक वस्तू वाचायला घेतली. नूडल्स, बावीस जिन्नस, बाहेर. सूपची पाकिटं, सॉस, क्रीमची बिस्किटं, बाहेर. सहावीतली आमची मुलगी यशोधरा दारात उभी राहून अंत्ययात्रा बघावी तशी बघत होती. मग हाताला एक मोठी प्लास्टिकची बरणी लागली. दुधात घालायच्या चॉकलेट पावडरची. आत तपकिरी भुकटी काठोकाठ, आणि लेबलावर एकतीस जिन्नस, त्यातले नऊ तर नुसते आकडे. झाकण उघडून वास घ्यायचा प्रश्नच नव्हता. एकतर चार दिवसांच्या सर्दीनं माझं नाक गच्च होतं, आणि दुसरं म्हणजे लेबल असताना वास घेतात ती अडाणी माणसं. तिच्याशेजारी स्टीलच्या डब्यात तसलीच तपकिरी भुकटी होती. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. ते येसर, हे मी लगेच ओळखलं आणि डबा मानानं परत ठेवला.

येसर म्हणजे डाळी, धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. दोन चमचे आमटीत पडले की गल्लीला कळतं. ते दर वर्षी लासूर स्टेशनहून माझ्या सासूबाई, गीताबाई, करून पाठवायच्या. या वर्षी मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी ते भाजलं, आणि पाठवताना निरोप दिला की हे शेवटचं, हात देत नाही आता.

घंटागाडी आली तशी मी पोती घेऊन खाली गेलो. गाडीवरच्या कडुबानं बरणी हातात तोलून पाहिली.

"साहेब, ही तर भरेल हाये."

"विष आहे ते," मी म्हणालो.

त्यानं झाकण काढून वास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. काहीतरी सांगायला लागला, पण मी त्याला पाच जिन्नसांचा नियम समजावून सांगितला. मागं तीन मोटारसायकली खोळंबल्या, त्यांनाही सांगितला. दुपारी दारची बेल वाजली. खिडकीतून पाहतो तर कडुबा बरणी घेऊन फाटकात उभा. मी वरूनच सांगितलं, की एकदा सोडलेलं मी परत घेत नाही, आणि तुम्हीही मोह आवरा. तो बरणी घेऊन गेला. संध्याकाळी ड्यूटी संपवून परत आला, तेव्हा मी दारच उघडलं नाही.

रूपा घरी आली. मोकळ्या फळ्या बघून तिनं एवढंच विचारलं, की सोमवारी यशोच्या डब्याला काय. मी म्हणालो, आपण रोज ताजं करू. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या तोंडच्या 'आपण'चा अर्थ तिला चांगला माहीत झालाय. ती म्हणाली, उद्या आई येतेय, तर सुरुवात उद्यापासूनच करा, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. आणि तिनं खरंच टाकलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं गीताबाई आल्या. मी त्यांना जयभीम घातला, पाणी दिलं आणि ॲप्रन बांधून आत गेलो. त्यांच्याच येसराची आमटी त्यांनाच खाऊ घालायची, असा माझा बेत होता. स्टीलच्या डब्यातले चार चमचे घातले, पाचवा सासरच्या मानाचा म्हणून घातला. आमटीवर फेस आला. फेस येणं हे अस्सलपणाचं लक्षण असावं, असं मला वाटलं. चाखून पाहिली, पण सर्दीमुळं आमटी गरम आहे यापलीकडं काही कळलं नाही.

गीताबाईंनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि शांतपणे पाणी प्यायल्या.

"जावई, गूळ किती टाकला?"

मी सांगितलं, की गुळाचा खडाही नाही, आणि घरात कालपासून पाचाच्या वर जिन्नस असलेली वस्तूच नाही. मग त्यांनाही नियम समजावला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "माझ्या येसरात एकोणीस पडत्यात. मंग ते बी फेकाया पाहिजे." मी मोठ्यानं हसलो. इतकं हसायला नको होतं, हे आता लक्षात येतं.

यशोधरा मात्र दुसरी वाटी संपवून तिसरी मागत होती. "बाबा," ती म्हणाली, "पुढच्या वेळी यात दूध पण घाला."

रूपाचा घास थांबला. ती उठून आत गेली, डबा उघडल्याचा आवाज आला आणि ती बाहेर आली.

"येसराची बरणी कुठंय?"

"बरणी कसली? डब्यात आहे ना."

"डब्यात चॉकलेट पावडर आहे. बरणीचं झाकण घट्ट बसतं, म्हणून आईचं येसर मी बरणीत भरलं होतं."

ओरडा मी बराच खाल्लेला आहे, त्याची मला सवय आहे. त्या दिवशी कोणी ओरडलंच नाही. गीताबाई नुसत्या उजव्या हातानं डावं मनगट चोळत बसल्या. त्या मनगटाकडं मला बघवेना.

गल्लीच्या ग्रुपवर घंटागाडीवाल्याचा नंबर होता. मी फोन लावला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, समोरच्याला पूर्ण बोलू दिलं. कडुबा म्हणाला, बरणी घरी आहे, या. रिक्षा बोलावली, तर गीताबाई चपला घालून आधीच खाली उभ्या होत्या, मागोमाग रूपाही आली.

कडुबाची बायको साळूबाई हिनं बरणी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली होती. वरून दोन बोटं कमी झाली होती.

"दोनदा आणली हुती," कडुबा रूपाला म्हणाला. "साहेबांनी दोनदा हाकललं. मला वाटलं, सासरवाडीशी भांडण झालं आसंल."

साळूबाई ओशाळली होती. म्हणाली, परत घेईनात म्हणून आज सकाळी आमटीत टाकलं. माय गेल्यापासून घरात असा वास नव्हता, राहवलं नाही. गीताबाईंनी तिच्याकडं पातेलं मागितलं. मला वाटलं, त्या आमटी बघणार. त्यांनी बरणीतलं निम्मं येसर त्या पातेल्यात ओतलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

"मावशी, तुमास्नी कमी पडंल," साळूबाई म्हणाली.

"पडू दे. फुडल्या साली मी काय करीत नाय. हात गेला."

"मंग हात माझे घ्या. तुम्ही बसून सांगा, मी भाजते."

गीताबाईंनी तिचे हात बघितले. "व्हय," त्या म्हणाल्या. "पर जाळ मंद लागतो. घाई चालत नाय." आणि दोघी कुठला जिन्नस आधी भाजायचा यावर जे बोलायला लागल्या, ते एकोणीस संपेपर्यंत थांबल्या नाहीत. मधल्या वेळात आम्हाला आमटी वाढली गेली. पहिल्याच घोटाला माझं नाक खळकन मोकळं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. (ते तिखटानं आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

आता आमच्या घरातली पाकिटं खरंच कमी झाली आहेत. ते काम रूपानं केलं. तिनं डॉक्टरबाईंचा नियम 'आणि'च्या पुढंही शोधून वाचला. क्रीमची बिस्किटं आणि सूप बंद, नूडल्स महिन्यातून एकदा, यशोच्या डब्याला दशम्या नाहीतर धपाटे. कोणी भाषण केलं नाही, कोणाला त्रास झाला नाही. मला यात एकच जबाबदारी मिळाली, रोज सकाळी कचरा खाली नेऊन द्यायची.

पहिल्या दिवशी मी बादली पुढं केली. कडुबानं हात मागं घेतले आणि खिडकीकडं बघून हाक मारली, "ताई, जरा बघता का, साहेबांनी काय आणलंय?" रूपा खाली आली, तिनं बादलीत डोकावून मान हलवली, तेव्हा त्यानं ती रिकामी केली. तेव्हापासून रोज असंच चालतं. माझ्या हातचं घरात कोणी खात नाही, ते मी समजू शकतो. पण रूपाची सही असल्याशिवाय आता माझ्या हातचा कचराही कोणी घेत नाही.