रवी मेश्रामचा गिअरबॉक्स

रवी मेश्राम गाडीचा गिअर टाकायचा तेव्हा आमच्या फळीवरच्या कपबशा हलायच्या. जरीपटक्यात आमची घरं समोरासमोर. आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीत त्यानं शर्यतीच्या गाडीतला डॉग गिअरबॉक्स बसवला होता. साध्या गाडीत गिअर गोडीगुलाबीनं बसवून घ्यायची सोय असते. ह्यात ती नाही. खाटकन टाकायचा. जरा बिचकलात की दात झिजले. शिवाय गाडी चालताना तो पिठाच्या गिरणीसारखा रडायचा, आणि तेही नेमका माझ्या वामकुक्षीच्या वेळी.

"टाकाचा तं पुरा टाकाचा, सर," हे त्याचं ब्रीद. ते त्यानं गाडीपुरतं ठेवलं नव्हतं. गांधीबागेत पँटचं कापड घ्यायला गेला की पहिल्याच ताग्यावर बोट ठेवायचा. पाच वर्षं मी त्याला एकाच राखाडी रंगात पाहिला. मुलगी बघायला गेला तेव्हा चहा बाहेर यायच्या आत होकार देऊन मोकळा झाला. संगीता भली निघाली हे त्याचं नशीब.

भली अशासाठी, की तिची कणकेची परात ह्या पठ्ठ्यानं कायमची पळवली होती. दर दुसऱ्या रविवारी तो गिअरबॉक्सचं तेल त्या परातीत काढायचा. खालच्या बोल्टला लोहचुंबक होतं. त्याला चिकटलेला लोखंडाचा कीस पांढऱ्या रुमालावर पुसून तो उन्हात धरायचा. पिठासारखा असला तर ठीक. टोचणारा कण लागला की अख्खा गिअरबॉक्स उघडून अंगणात मांडला जायचा. लेथवर काम करणारा माणूस, झिजलेले दात स्वतःच दुरुस्त करायचा. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेलो. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी त्याला वेड्यात काढायला मी कधी चुकलो नाही.

दुपारी दोनला तो वडिलांना गाडीतून फिरवून आणायचा. मेश्रामबाबा एसटीत ड्रायव्हर होते, नरखेडच्या फेऱ्या करायचे. आता त्यांना मुलाचं नावही आठवत नसे. फाटकाशी आणताना गाडी रडू लागली की ते खाकी सदरा चढवून बाहेर येत. मला वाटे, पोराच्या नादापायी म्हाताऱ्याचे हाल.

शेवटी मीच गल्लीतर्फे रवीला हा आवाज बंद करण्याचा अर्ज लिहिला. 'वयोवृद्धांच्या प्रकृतीस अपाय' हे शब्द माझे, पहिली सहीही माझीच. रवीनं अर्ज वाचला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा आवाज येणार नाही, असं हात जोडून म्हणाला. पुढच्या रविवारी त्यानं गाडीचा मूळचा गिअरबॉक्स बसवला आणि त्या दुपारी मी झकास झोपलो.

दोनचार दिवसांनी बाबा फाटकाशी दिसले. अंगात खाकी सदरा, हातात जेवणाचा डबा. रवी गाडीचं दार उघडून उभा होता, पण बाबा बसेनात. "हे आपली गाडी नाई," ते म्हणाले. "नरखेडची अजून लागली नाई."

मग संगीतानं मला सांगितलं. जुन्या एसटीचा गिअर अगदी असाच रडायचा. तो आवाज आला की बाबा उठत, तयार होत, रवीशेजारी बसून येत आणि फेरी झाली म्हणून पोटभर जेवत. आता ते उन्हात गाडीची वाट बघत बसायचे आणि डबा तसाच परत जायचा.

अर्ज मागे घ्यायला मला उंबरठा ओलांडायचाच अवकाश होता. पण लाज वाटली. आज जातो, उद्या जातो, असं करत राहिलो. तोवर बाबांनी अंथरूण धरलं, आणि पोळ्याच्या आधी ते गेले.

तेराव्या दिवसानंतर मी रवीकडे गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं. तू आधीच का बोलला नाहीस, असंही विचारलं.

"तुमच्या फाटकापाशी दोनदा येऊन परत गेलो, सर," तो म्हणाला. "कसं सांगू, समजत नोतं. आपन दोघंबी बिचकलो."

तो गिअरबॉक्स आता त्याच्या पडवीत लाकडी घोडीवर ठेवलेला आहे. दर दुसऱ्या रविवारी रवी त्याचं तेल अजून बदलतो आणि चुंबक रुमालावर पुसतो. चालतच नाही तर कीस कुठून निघणार? रुमाल पांढराच राहतो. परात मी धरतो.