अण्णांच्या गाडीचं गाऱ्हाणं

गाडीची किल्ली फिरवण्याआधी आमचे शेजारी अण्णा बॉनेटवर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालत. मोठ्याने. मागे ढकलायला उभ्या राहिलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं, ही अट. जो म्हणणार नाही त्याला गाडीला हात लावू देत नसत. जसं काही आम्ही ती ढकलायला जन्मभर टपून बसलो होतो!

"बा देवा महाराजा, ह्या गाडीचा वात जाऊ दे..."

"होय महाराजा!"

"हिच्यावर कोणाची नजर असेल तर ती फुटू दे..."

"होय महाराजा!"

मग अण्णा आत बसणार, किल्ली फिरवणार, गाडी दमेकऱ्यासारखी घरघरणार आणि गप्प. नारळ तेवढा दुपारच्या आमटीत सत्कारणी लागायचा.

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. मांडवीत आमच्या दगडी गडग्यापलीकडे अण्णा राहत. ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बांधलेला साकव आला की खुद्द अण्णाच चपला हातात घेऊन ओढ्यातून जात, असं आमचे हे म्हणायचे. गाडीचे पत्रे खाऱ्या वाऱ्याने असे खाल्ले होते की आत बसून पायाखालचं गवत मोजावं.

गाडी चालू झाली नाही की अण्णांचं निदान ठरलेलं. "वात धरलाय." मग चारही प्लग काढून ते तव्यावर भाजायचे. "दमट हवा गो! ठिणगी पडणार कशी?" त्याच तव्यावर मग भाकरी. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांच्या बायकोचं, काकूंचं, उजवं अंग लुळं पडलं, तेव्हापासून चूल अण्णांकडेच होती. भाकरीला पेट्रोलचा वास येतो म्हटलं तर म्हणत, "पचायला हलकी होते."

संध्याकाळी तर कहर. अण्णा काकूंना उचलून आणत, पुढच्या लांब सीटवर शेजारी बसवत आणि बंद गाडीचं स्टिअरिंग तासभर फिरवत राहत.

"बायकोला धड बसता येत नाही आणि ह्यांना गाडी-गाडी खेळायचीय," मी सासूबाईंना म्हणायचे. त्या काही बोलत नसत. मला वाटायचं, त्यांना ऐकू कमी येतं.

मी तेव्हा तेविशीतली, नुकतीच लग्न होऊन आलेली. माझा भाऊ मुंबईत एका गॅरेजात होता आणि लग्नाआधी वर्षभर मी त्याच्याकडे राहिले होते. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मेकॅनिक समजत असे. पाना कधी हातात धरला नव्हता, जीभ मात्र चांगली परजलेली.

त्या वर्षी अण्णांच्या मुलाचं मुंबईहून पत्र आलं. अंगणातलं भंगार काढा, गिऱ्हाईक पाठवतोय. गिऱ्हाईक संगमेश्वरचं. म्हणाला, चालू झाली तर नेतो, नाहीतर तुमची तुम्हाला. एरवी तिसऱ्या-चौथ्या गाऱ्हाण्याला गाडी पावायची, पण तो आला त्या दोन्ही रविवारी तिने फक्त घरघर केली. "जात नाही म्हणते हो, हट्टी आहे," अण्णा तोंड पाडून सांगत. तोंड पाडलेलं, पण सुपारी कातरताना हळूच शीळ चाललेली. शीळ माझ्या कानांतून सुटली नाही. अर्थ तेवढा सुटला.

तिसऱ्या रविवारी पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणं.

"बा देवा महाराजा, ज्याचं सुख जिथं असेल, त्याला तिथंच राहू दे..."

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडले. गाडी घरघरून गप्प झाली तशी पदर खोचून पुढे झाले. "अण्णा, बाजूला व्हा. मी बघते."

"अगो, हात काळे होतील."

"होऊ देत."

डिस्ट्रिब्युटरच्या दोन कड्या सोडून मी झाकण उचललं. आत रोटर नव्हताच. अंगठ्याएवढा काळा तुकडा असतो तो. तो नसेल तर ठिणगी प्लगापर्यंत पोचत नाही, मग प्लग तव्यावर भाजा नाहीतर तुपात तळा. आणि मला आठवलं, तसला तुकडा मी पाहिला होता. अण्णांच्या पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीशेजारी.

धावत पडवीतून डबा आणला. रोटर पदराने पुसला, बसवला. "फिरवा किल्ली!"

अण्णा हलले नाहीत. मग मीच फिरवली. पहिल्या झटक्यात चालू!

"वहिनी, मानलं तुम्हाला," गिऱ्हाईक म्हणालं.

"डब्यात ठेवून विसरलात ना, अण्णा?" मी विचारलं. सगळे हसले.

अण्णा थरथरणाऱ्या बॉनेटकडे बघत राहिले. "विसरलो खरा," म्हणाले. "हुशार आहेस गो."

ह्या वाक्यावर मी अशी फुगले की बेडकी लाजावी. नातवंडांना सांगते, आयुष्यात एकच गाडी दुरुस्त केली. त्यांना तो पराक्रम वाटतो.

अण्णांनी एकच अट घातली. पुढची सीट मिळणार नाही.

"मग मी बसू कशावर?"

"आंब्याची पेटी देतो."

आणि तो गृहस्थ खरंच उपड्या पेटीवर बसून संगमेश्वरला गेला.

"वेड लागलंय म्हाताऱ्याला," मी घरी येऊन म्हटलं. ह्या वेळी सासूबाई बोलल्या. "गाडी घेतल्यापासून दर महिन्याला बायकोला मालगुंडला माहेरी न्यायचा तो, त्या सीटवर शेजारी बसवून."

मी म्हटलं, "मग?" एवढी हुशार होते मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घावन घेऊन त्यांच्याकडे गेले. कौतुकाचा उरलेला वाटा घ्यायला, दुसरं काय! पडवीत चार चिऱ्यांवर ती सीट मांडलेली. डावीकडे काकू, केसांत अबोलीचा वळेसर. उजवीकडे अण्णा, दोन्ही हात पुढे, स्टिअरिंग धरल्यासारखे.

"चाफे गाव मागे पडलं," ते काकूंना सांगत होते. "आता थोड्याच वेळात तुझ्या भावाचं दार."

काकू वाकड्या झालेल्या तोंडाने हसल्या. "सा...वकाश," म्हणाल्या.

मी ताटली घेऊन समोर तशीच उभी. अण्णांनी मान तिरपी करून माझ्या पलीकडे बघितलं.

"बाजूला हो गो," ते म्हणाले. "रस्त्यात उभी आहेस."

मी बाजूला झाले.