व्हय, न्हाय, बघू

हंबीरराव पुण्याहून परत आले की त्यांच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा वीरेश हातातलं काम आधी उरकून टाकायचा. पुण्यात हंबीररावांचा भाचा होता, संग्राम, मोठ्या कंपनीत इंजिनियर. मामा आला तर त्याला जेवू घालावं आणि बसमध्ये बसवून द्यावं, पण ते नाही. तो दर खेपेला मामाला एक नवी कल्पना द्यायचा. मामाही ती गार व्हायच्या आत राजारामपुरीतल्या आपल्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आणून वीरेशच्या टेबलावर ठेवायचे. दोन हजार आठ सालच्या त्या सोमवारी कल्पना पेन ड्राइव्हमध्ये भरून आली होती.

"वीरेश, जनरेटर बदलायचा," हंबीरराव म्हणाले.

"त्याला काय झालंय दादा? चालतोय की."

"चालतोय म्हणून किती दिस चालवायचा?"

 चालतं काम मोडल्याशिवाय हंबीररावांना आपण मालक आहोत असं वाटत नसे.

हा जनरेटर म्हणजे लाइट गेल्यावर गॅलरीत फटफटणारा डिझेलचा नव्हे. तो कुठला, हे समजायचं तर आधी अक्काताई समजून घ्यायला हव्यात. अक्काताईंचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मुख्य ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीला, शाखा जयसिंगपूर आणि पेठ वडगावला. अक्काताईंचा नियम कडक होता. स्थळ पसंत आहे की नाही, हे कुणी कुणाच्या तोंडावर सांगायचं नाही. तोंडावर विचारलं की आपली माणसं खरं बोलतात, आणि मग दोन घराण्यांत जन्माचं वाकडं येतं. म्हणून उत्तर शाखेत जाऊन द्यायचं. शाखेतली बाई बटण दाबणार आणि ते शाहूपुरीच्या कॉम्प्युटरवर उमटणार. उत्तरं तीनच, व्हय, न्हाय आणि बघू. व्हय म्हणजे या, कांदेपोहे टाकतो. न्हाय म्हणजे नाही. बघू म्हणजेही नाहीच, पण चहा पाजून.

आता एका गावच्या कॉम्प्युटरनं दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायचं, तर दोघांत आधी काही ठरलेलं लागतं. कोणी काय विचारायचं, उत्तर कुठल्या शब्दांत द्यायचं, ते सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडचे लोक बसून याद करतात, तसलाच हा प्रकार, म्हणून ऑफिसात त्या फाइलला यादच म्हणत. ती याद वाचून दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांचा प्रोग्राम आपोआप लिहून देणारं जे अवजार, तो जनरेटर. जुना जनरेटर बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नसावी, कारण तो इमानानं काम करत होता.

"संग्राम म्हणतोय, असलं जुनं वापरणाऱ्याला पुण्यात कोण दारात उभा करत न्हाय."

"पण आपल्याला पुण्यात कुणाच्या दारात जायचंय?"

"अमेरिकेतलं हाय लेका. आणि फुकट हाय."

फुकट म्हटल्यावर चर्चा संपली. संध्याकाळपर्यंत जिन्याखालच्या पाटीवर 'अमेरिकन तंत्रज्ञान' ही अक्षरं रंगवून झाली. तंत्रज्ञान यायचं होतं, पण पाटी वाळली होती.

"आधी शाहूपुरीला बसव," हंबीरराव म्हणाले. "शाखांचं मागनं बघू."

मालकाचं 'मागनं बघू' वीरेशच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते काम आता या जन्मी होत नसतं.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीच्या कॉम्प्युटरवर नव्या जनरेटरनं लिहिलेला प्रोग्राम बसला. अक्काताईंचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं, त्यामुळे तरण्या पुरुषाला त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. "जनरेटर बदलला अक्का," असं वीरेशनं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरं केलंस तम्मा. जुना लई धूर सोडत हुता."

बसवलं तर तपासायला हवं. कुणा दुसऱ्याची खासगी उत्तरं कशाला बघा, म्हणून वीरेशनं स्वतःचंच नाव घातलं. तोही मंडळात नोंदलेला उमेदवार होता. साखर कारखान्यात कायम नाही, शेती नाही, आणि कॉम्प्युटरचं काम म्हणजे दिवसभर नक्की करतो काय, हे त्याच्या आईला, म्हणजे अव्वालाच सांगता येत नसे, तर मुलीच्या बापाला कसं पटणार? जयसिंगपूर शाखेतून त्याची आजवरची उत्तरं आली. न्हाय. न्हाय. न्हाय. याद जुळत होती, नंबर जुळत होते, सगळं अगदी बरोबर होतं. आपलं काम बिनचूक झाल्याचं इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

एकच उत्तर यायचं बाकी होतं. जयसिंगपूरच्या रक्षिताचं. वडील शिवानंद अडत व्यापारी, मुलगी शाळेत गणित शिकवणारी. फोटोत तिनं कॅमेऱ्याकडं असं संशयानं बघितलं होतं, की जणू फोटोग्राफरनं बेरीज चुकवली असावी. वीरेशनं तो फोटो पाकिटात ठेवला होता. ही मुलगी आपल्याला हो म्हणावी असं त्याला फार, म्हणजे फारच वाटत होतं. आणि गुरुवारी शाहूपुरीच्या पडद्यावर तिचं उत्तर उमटलं. व्हय.

त्या दिवशी वीरेशनं हंबीररावांना मनातल्या मनातसुद्धा शिवी दिली नाही. अव्वानं तर उत्साहात जयसिंगपूरच्या आपल्या भावाकडून रक्षिताच्या घरी पेढे पोचवले आणि येत्या रविवारी नाही तर पुढच्या रविवारी पोरगा येतोय असा निरोपही धाडला.

मंडळातही दिवाळी होती. एरवी व्हय कसं दुष्काळात पाणी यावं तसं यायचं, आता धो धो येत होतं. रिवाजाप्रमाणं व्हय आलं की मुलाकडच्यांनी थेट रविवारी जायचं. त्याप्रमाणं शिरोळची मंडळी ट्रॅक्स भरून वडगावात एका घरी उतरली. घरचा मालक बनियनवर ओट्यावर बसून दाढी करत होता. त्यानं या स्थळाला 'बघू' कळवलं होतं. पण दारात आलेल्या पाव्हण्यांना हाकलायचं कसं? त्यानं अर्ध्या दाढीनं पोहे खाऊ घातले. पाव्हण्यांना पोहे आवडले, मुलगी आवडली, आणि त्यांनी उठता उठता साखरपुड्याची तारीख विचारली. तिकडं जयसिंगपुरात एका घरानं मनापासून 'व्हय' कळवलं होतं. ते सबंध रविवार पोह्यांवर ताट झाकून बसले. मुलाकडच्यांना 'बघू' कळलं होतं. त्यांनी चिडून उलट निरोप धाडला, बघत बसा.

सोमवारी अक्काताई राजारामपुरीचा जिना चढून आल्या. पाटी वाचायला त्या थांबल्या नाहीत.

"हंबीरराव, माझ्या मंडळाचं वाटोळं झालं. ज्यास्नी पोरगी द्यायची न्हाय त्यांच्या दारात पावणं जेवाय बसल्यात, आणि ज्यास्नी द्यायची हाय ती मला फोनवर शिव्या घालाय लागल्यात. काय केलंय तुमी?"

"आमी कुठं काय केलंय? नुसता जनरेटर बदललाय," हंबीरराव म्हणाले.

"जनरेटर बदलला तर व्होल्टेज कमीजास्त हुईल. व्हयाचं बघू कसं हुतंय?"

 वीरेशनं याद उघडली. शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले होते, आधी व्हय, मग न्हाय, मग बघू. पण कॉम्प्युटर एकमेकांना शब्द पाठवत नाहीत, नंबर पाठवतात. जुना जनरेटर साधा होता. जसं लिहिलंय तसे नंबर द्यायचा, व्हय पहिला, न्हाय दुसरा, बघू तिसरा. नवा पडला अमेरिकन. त्यानं आधी शब्द इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं ओळीत उभे केले आणि मग नंबर वाटले. बी चा बघू पहिला, एन चा न्हाय मधे, व्ही चा व्हय शेवटी. शाखांत जुना प्रोग्राम, शाहूपुरीत नवा. शाखेतून निघालेला व्हय शाहूपुरीत बघू होऊन उतरत होता, आणि बघूचा व्हय होत होता. न्हाय तेवढा दोन्हीकडं मधल्या जागी बसलेला, म्हणून तो सुखरूप पोचत होता. वीरेशनं नेमकी न्हायवरच तपासणी केली होती. त्याचं नशीब एवढं फुटकं नसतं तर चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

आणि मग त्याला रक्षिताचं उत्तर आठवलं. व्हय उमटलं होतं. म्हणजे तिकडून निघालं होतं बघू.

बोललो नाही तर कुणाला कळणार आहे, असं त्याला क्षणभर वाटलं. पण अक्काताई डोक्यावर उभ्या होत्या. त्यानं सगळं सांगितलं, शाहूपुरीला जाऊन जुना प्रोग्राम परत चालू केला आणि नवा तिथंच बाजूला ठेवून दिला. शाखांकडून उत्तरं पुन्हा मागवली. रक्षिताच्या नावापुढं निमूटपणे बघू आलं. अक्काताईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"तम्मा, पेढं गेल्यात न्हवं तुज्याकडनं?"

"गेल्यात. तुमी एक फोन करून सांगा की अक्का."

"चूक तुजी, तू जा. उत्तर तोंडावर द्यायचं न्हाय, माफी तोंडावरच मागायची."

 हंबीररावांना पाटीची काळजी लागली होती.

रविवारी वीरेश एकटाच एसटीनं जयसिंगपूरला गेला. जाताना वाटभर त्यानं माफीची वाक्यं पाठ केली. शिवानंदांच्या दारात पोचला तर आतून फोडणीचा वास आला. त्याला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि वाक्यं सुरू करायच्या आत रक्षिताच पोह्यांची ताटली घेऊन समोर आली. फोटोत बघितलं होतं तसंच तिनं त्याच्याकडं बघितलं.

"एक चूक झालीया," वीरेश म्हणाला. "तुमी बघू कळवलंता. ते आमच्याकडं व्हय दिसलं, म्हणून पेढं आलं. माफ करा. मी पोहं खात न्हाय, जातो."

"व्हय, मी बघूच कळवलंतं," रक्षिता म्हणाली. "मग बघायला नको? न बघता व्हय कसं म्हणायचं, आणि न बघता न्हाय तरी का म्हणायचं?"

जायला उठलेला वीरेश परत पाटावर बसला. उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात बघू म्हणजे बघू असा अर्थ घेणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

"आमची अशीच हाय," शिवानंद म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक 'उद्या देतो' म्हणालं की ही दुसऱ्या दिवशी वाट बघत बसती."

मग तिनं चूक कशी झाली ते विचारलं आणि वीरेशनं सांगितलं. याद, जनरेटर, नंबर, सगळं. त्याचं काम काय असतं हे मुलीच्या घरात कुणी शेवटपर्यंत ऐकून घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

"क्रम बदलला, एवढंच की," ती म्हणाली. "पण तपासलं न्हवतं का तुमी?"

"तपासलं. माझ्याच नावावर."

"मग सापडलं कसं न्हाय?"

वीरेशनं पोह्यांकडं बघितलं. "माझ्या नावावर सगळी न्हायच हुती."

रक्षिता हसली. तोंडाला पदर न लावता, चांगली मोकळी हसली. वीरेशला वाटलं, आता तिनं नाही म्हटलं तर आपल्याला सोसायचं नाही.

"उद्या सकाळी शाखेत सांगते," निघताना ती म्हणाली. "नियम हाय म्हणं तुमच्या अक्कांचा."

सोमवारी वीरेश सर्व्हिसिंगच्या नावाखाली शाहूपुरीला जाऊन बसला. अक्काताई वडगावला गेल्या होत्या, अर्ध्या दाढीवाल्याची समजूत काढायला. शाखा उघडायची वेळ झाली आणि दिवसातलं पहिलं उत्तर आलं. रक्षिताचंच होतं. बघू.

त्यानं पडदा पुसून बघितला. बघूच होतं. काल बघून झालं होतं, पोहे खाऊन झाले होते, हसूनही झालं होतं. बघितल्यानंतरचं बघू म्हणजे काय, हे समजायला गणित लागत नाही. ती सरळ न्हाय म्हणाली असती तरी चाललं असतं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, नसतं चाललं. पाकिटातला फोटो परत करायला हवा होता. तो हातात घेऊन वीरेश बसून राहिला.

इतक्यात हंबीरराव आत आले.

"का रं, तोंड का पाडून बसलायस? मी सकाळीच हितं येऊन गेलतो."

"कशापायी?"

"आरं, संग्राम यायचाय बुधवारी. पाटी वाचून मला विचारणार, दाखव अमेरिकन. आणि हितं जुनं. माजी काय लाज ऱ्हाईल? तू नवं बाजूला ठेवलंतंस न्हवं, त्येच्यावर दोनदा दाबलं. झालं की सुरू. तू उगं एवढा पगार घेतोयस."

वीरेशनं पडद्याकडं बघितलं, मग मालकाकडं, मग परत पडद्याकडं.

"म्हंजे आत्ता हितं नवं चालू हाय?"

"व्हय."

"आणि जयसिंगपूरला जुनं?"

"मग काय? तिकडं कोण गेलंय?"

म्हणजे तिकडून निघालं होतं व्हय. वीरेश उठला आणि वाकून त्यानं हंबीररावांच्या पायाला हात लावला. नोकरीला लागल्यापासून असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे हंबीरराव दचकून मागं सरकले.

"दादा, नवंच बरं हाय. जुनं कशाला ठेवायचं? मी आत्ताच जयसिंगपूरला जातो आणि तिकडं पण नवंच बसवून येतो."

"आत्ता? आरं, काल-परवापर्यंत जुनंच बरं म्हणत हुतास की."

"अमेरिकन ते अमेरिकनच, दादा." फोटो परत पाकिटात गेला होता आणि वीरेश मंडळाचा अर्धा जिना उतरला होता.

"आणि वडगावचं?" हंबीररावांनी वरून ओरडून विचारलं.

"मागनं बघू," वीरेश म्हणाला.