गाडी वळायला जागा

कुंपणाची भिंत पुढे सरकते, हे आमच्या नांदे गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. यंदा वीतभर, पुढच्या दिवाळीला हातभर. पण स्वतःच्या पैशाने बांधलेली भिंत स्वतःच्या हाताने पाडून मागे घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि त्याने हे दोनदा केलं. आमच्या शेजारचे उबाळेसाहेब.

साहेब मूळचे लातूरकडचे. नगररचना खात्यात नोकरी, गावोगाव बदल्या. जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट करायचे तर रस्ता किती रुंद हवा, मोकळं मैदान किती सोडायचं, बंद गल्लीच्या टोकाला गाडी वळायला किती जागा लागते, हे तपासण्यात त्यांची हयात गेली. लोकांचे नकाशे मंजूर-नामंजूर करता करता म्हातारे झाले, आणि निवृत्तीच्या पैशात मंजूर नकाशातला एक प्लॉट काही बसेना. मग आम्ही केलं तेच त्यांनी केलं. बबनरावांच्या भातखाचरात गुंठेवारीने दीड गुंठा घेतला.

आमच्या वसाहतीचा नकाशा कुणी काढला नाही. बबनरावांनी दोरी धरली, त्यांच्या भाच्याने फक्की टाकली आणि दुपारच्या जेवणाआधी गल्ली, प्लॉट, हद्दी सगळं तयार झालं. रस्ता किती ठेवायचा, हे ठरवायला ट्रॅक्टर आणला होता.

"ट्रॅक्टर जातुया, आन् बाजूला मानूस हुबा ऱ्हातोय. आजून काय पायजे रस्त्याला?"

मुलांना खेळायला मोकळी जागा कुठली, असं मी विचारलं तर त्यांनी ओढ्याकडे हात केला. "ती काय, हाय की सगळी मोकळीच."

गल्लीच्या टोकाला डाव्या हाताला उबाळे, उजव्या हाताला खुद्द बबनराव, आणि समोर ओढा. उबाळ्यांच्या अलीकडे आम्ही. माझे यजमान पिरंगुटच्या एका कंपनीत, आणि मी हिंजवडीतल्या पोरांना डबे पुरवते. त्यामुळे कोण केव्हा उठतं, कोण काय खातं आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे मला न विचारता कळतं.

घरं आम्ही सगळ्यांनी भिंतीला भिंत लावून बांधली. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका. एकट्या उबाळ्यांनी घराभोवती चारी बाजूंनी जागा सोडली. तिला त्यांच्या खात्यात सामासिक अंतर म्हणतात. दीड गुंठ्यात चारी बाजूंनी अंतर सोडल्यावर जे उरलं, त्याला घर म्हणायला जीव धजत नव्हता. उबाळेवहिनी म्हणायच्या, "अलकाताई, कूस बदलायची तर मला अंगणात जावं लागतं."

माझे यजमान एकदा म्हणाले, "साहेब, प्लॉटच बेकायदा. त्याच्यावर कायद्यातलं घर कशाला?"

"प्लॉट बबनरावांनी पाडला," साहेब म्हणाले, "घर मी बांधलंय."

बोलणं सगळं असं. चहा घेणार का विचारलं, तर "तत्त्वतः मान्य." घोट घेतला की कप खाली. "त्रुटी आहे. साखर." माझ्या भाचीचं लग्न ठरल्याचे पेढे दिले, तर म्हणाले, "तात्पुरती मंजुरी की अंतिम?" वहिनी आजारी होत्या तेव्हा आठवडाभर त्यांना माझा डबा होता. तिसऱ्या दिवशी आमटी परत आली. त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावी, असा तोंडी निरोप. मी पातेलं घेऊन त्यांच्या दारात गेले.

"साहेब, उद्यापासून उपाशी राहणं तत्त्वतः मान्य आहे का?"

"विचाराधीन," ते म्हणाले, आणि पातेलं घेतलं. हसले नाहीत. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन ते निघायचे. कुठे म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर. "स्थळपाहणीला." निवृत्त माणसाला कसली आलीय स्थळपाहणी? बबनराव आपल्या ओट्यावर मिश्री लावत बसलेले असायचे. ते मोठ्याने म्हणायचे, "निगालं साह्येब! कुनाचं तरी भित्ताड पडनार आज!" गल्ली हसायची. हसणाऱ्यांत मीही असायचे.

घर बांधून दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी धाड धाड आवाज आला म्हणून बाहेर आले, तर साहेब बनियनवर, हातात पहार, आणि कुंपणाची अर्धी भिंत आडवी. वहिनी कढीपत्त्याच्या झाडाला धरून उभ्या. झाड नव्या हद्दीच्या बाहेर जाणार होतं.

"हे काय चाललंय?"

"बंद गल्लीच्या टोकाला गाडी वळायला जागा लागते. नियम आहे."

"नियम आज आठवला? भिंत बांधून दोन वर्षं झाली."

त्यावर त्यांनी पहार पुन्हा उचलली. भिंत सहा फूट मागे गेली. दीड गुंठ्याच्या माणसाने सहा फूट सोडणं म्हणजे काय, हे गुंठ्यात राहणाऱ्यालाच कळेल. साहेबांचा हिशोब असा की आपण सोडलं की समोरचाही सोडेल. कचेरीत त्यांनी बोट ठेवलं की लोक हद्दी मागे घेत, त्याची सवय लागलेली. इथलं शास्त्र वेगळं. इथे सोडलेली जागा कुणाचीच नसते, म्हणून ती आधी धरेल त्याची.

पावसाळ्याच्या तोंडाला बबनरावांचं सरपण त्यांच्या भिंतीबाहेर आलं. मग धुणं धुवायचा दगड आला. मग दगडाला आडोसा, आणि आडोशाला विटा. दसऱ्याला बबनरावांची भिंत बरोबर सहा फूट पुढे येऊन उभी होती. रस्ता होता तेवढाच राहिला, फक्त उबाळ्यांच्या बाजूला वाकला.

साहेब समोर जाऊन उभे राहिले. तिथेही हातभर अंतर राखून.

"बबनराव, ती जागा मी रस्त्यासाठी सोडलीय."

"सोडली ना? मंग झालं की. तुमी सोडली, आमी धरली. रस्ता हाय तेवढाच हाय. कमी झाला का?"

"वळायला जागा हवी."

"कुनाला वळायचंय? माजा ट्रॅक्टर तर मागं मागं जातोय." मग बबनरावांचा आवाज बदलला. "साह्येब, ही आक्की गल्ली माज्या खाचरातनं गेलीय. इंद्रायणी भात पिकत हुता हितं. त्यातलं सा फूट म्या माघारी घेतलं, तर तुमचं काय बिगाडलं?"

साहेबांनी पायाखाली पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही सगळे त्या खाचरातच पाय रोवून उभे होतो.

शहाणा माणूस इथे थांबला असता. साहेबांनी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहार काढली आणि भिंत घराच्या पायरीपर्यंत आणली. आता दार उघडलं की पाऊल रस्त्यावर. सामासिक अंतर मोडलं होतं. नियमासाठीच नियम मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बबनरावांनी तोवर वर खोल्या काढल्या होत्या, सॉफ्टवेअरच्या पोरांना भाड्याने द्यायला. त्यांना जिना हवाच होता. तो लोखंडी जिना थेट साहेबांनी नव्याने सोडलेल्या जागेत उतरला. आणि उरल्यासुरल्या फटीत पोरांच्या मोटरसायकली. "अंकल, बस दो मिनट," म्हणायची आणि रात्रभर ठेवायची.

असा तो वळणाच्या जागेचा कारभार.

एका रविवारी माझा डबेवाला आला नाही, म्हणून मीच पिशव्या घेऊन फाट्यावर गेले. रसवंतीच्या पलीकडे एक मोठी चंदेरी गाडी उभी होती, इंजिन चालू. शेजारी उबाळेसाहेब, कमरेत वाकलेले. काच अर्धी खाली होती. आत त्यांची मुलगी वर्षा. वास्तुशांतीला पाहिली होती, म्हणून ओळखली. जावई स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मागे नात, कानात गाणी. साहेबांनी पिशवी काचेवरून आत दिली. नातीला काहीतरी विचारलं. तिने कानातलं काढलं, "हं?" म्हणाली आणि पुन्हा घातलं. काच वर गेली. गाडी चांदे गावाच्या वळणाआड जाईपर्यंत साहेब हात वर करून उभे होते.

मी रसवंतीच्या पडद्यामागे सरकले. स्थळपाहणी ती ही.

दुपारी वहिनींकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"गाडी वळत नाही ना," वहिनी म्हणाल्या. "घर झाल्यावर दोनदा आले होते आत. दुसऱ्या वेळी उलटी काढताना बबनरावांच्या भिंतीला घासली. जावई म्हणाले, 'बाबा, तुमच्याकडे गाडीच वळत नाही.' तेव्हापासून फाट्यावरच. लोणावळ्याला जाता-येता पाच मिनिटं थांबतात. हे म्हणाले, गाडी वळत नाही एवढंच ना? मग वळवू. आणि दुसऱ्या दिवशी पहार घेतली."

"आणि तुम्ही नाही जात फाट्यावर?"

"पिशवी भरून देते की." मेथीची जुडी त्यांनी उगाच पुन्हा सोडली. "पण रस्त्यावर नाही जायची. तिने घरात यावं. मी आई आहे तिची, टोलनाका नाही."

पुढे जे झालं ते साहेबांमुळे झालं नाही, हे आधीच सांगते. बबनरावांनी नेऱ्याकडची शेवटची जमीन विकली आणि त्यांच्या पोराने ट्रकच्या भावंडासारखी दिसणारी गाडी घेतली. हार-नारळ झाला, पेढे वाटले आणि मग गाडी गल्लीत शिरेना. शिरली तर निघेना. आठवडाभर ती हमरस्त्याला उभी होती. एका दुपारी शेळ्या तिच्या टपावर चढलेल्या आख्ख्या गावाने पाहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांनी जेसीबी बोलावला. भिंत गेली, धुण्याचा दगड गेला, जिना कापून मागच्या अंगाला नेला. ओढ्याच्या कडेला मुरूम टाकला. संध्याकाळी गल्लीच्या टोकाला असं ऐसपैस मैदान झालं की पंचायतीचे सदस्य येऊन नारळ फोडून गेले, जणू काम त्यांनीच केलं.

"साह्येब, तुमचंच खरं झालं बगा," बबनराव म्हणाले.

साहेब ती जागा पावलांनी मोजत होते. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने. "मंजूर," म्हणाले. 'तत्त्वतः' हा शब्द त्यांनी त्या दिवशी गाळला.

वर्षाला फोन शुक्रवारीच झाला. गाडी वळते आता, आत या. रविवारी वहिनींनी पुरण घातलं. त्या इवल्या घरातून वेलचीचा वास थेट माझ्या डब्यांपर्यंत येत होता. साहेबांनी पोरांच्या मोटरसायकली हलवायला लावल्या, जागा झाडली, आणि खुर्ची न घेता पायरीवर उभे राहिले. दहा वाजले, अकरा वाजले. मग फोन वाजला. मध्ये सामासिक अंतर असलं, तरी ऐकू येऊ नये असं आमच्याकडे काही नाही.

"फाट्यावर? हो, हो. अगं पण आता आत... नाही, वळते गाडी, मी स्वतः... बरं. घाई आहे का. बरं, बरं. येतो मी."

वहिनींनी पोळ्या फडक्यात बांधल्या. भांडं आपटल्याचाही आवाज झाला नाही. साहेब पिशवी घेऊन गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी दारात डबे पुसत होते. साहेब इस्त्रीच्या शर्टात बाहेर आले. मला गप्प बसता आलं असतं, पण तोंडून गेलं.

"साहेब, आता कुठे? जागा तर झाली."

ते थांबले. नेहमीसारखे हातभर लांब.

"त्रुटी आहे," म्हणाले. "वळणाची त्रिज्या कमी पडते."

नेमकी त्याच वेळी बबनरावांच्या पोराची ती अजस्र गाडी गल्लीतून आली, टोकाला गेली, आणि एकाच दमात, जराही मागे न घेता, गर्रकन वळून निघून गेली. मागे धूळ खाली बसत राहिली.

बबनराव ओट्यावर मिश्री लावत होते. आता काहीतरी झोंबणारं ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी पोराच्या गाडीच्या दिशेला पाहिलं. मग साहेबांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. चूळ भरून टाकली.

"व्हय साह्येब," ते म्हणाले, "कमीच पडतंय जरा. तुमी फकस्त सांगा. आजून दोन फूट मागं घेतो."

खाचरातला चिमटाभर चिखल ज्याने फुकट सोडला नव्हता, तो माणूस हे बोलत होता.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कळवतो," म्हणाले, आणि त्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या अगदी कडेकडेने फाट्याकडे चालायला लागले.