आईच्या वरणातलं ल्युसिन

आईला मी पुन्हा चालती करणार होतो, आणि तेही डॉक्टरांना थक्क करून! जिंतुरात माझं खता-औषधांचं दुकान आहे. लोकांची सुकलेली कपाशी वर आणणाऱ्याला स्वतःची आई काय जड?

वडील गेले तसं आईनं जेवण सोडल्यातच जमा होतं. पायांच्या वाळक्या पऱ्हाट्या झाल्या, नुसत्या काड्या. भिंत धरूनही उठवेना. डॉक्टर म्हणाले, "प्रथिनं कमी पडलीत. त्यातलं ल्युसिन स्नायूंना बांधणीचा हुकूम देतं. शरीर ते तयार करत नाही, खाण्यातूनच मिळतं. डाळ, दूध, पनीर, सोयाबीन द्या."

एवढा खटाटोप कोण करणार? मी थेट ल्युसिनची पावडरच मागवली आणि बायकोला, ईश्वरीला, न सांगता आईच्या वरणात ढकलली. ती कडू जहर असते, हे मला कुठं ठाऊक!

पहिला घास आईनं थुंकलाच. "ईश्वरे, काय कालवलंस ग?"

"म्या काईच न्हाई, आत्याबाई!" ईश्वरी सासूला म्हणाली.

आईची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली. "दुकानातलं फवारायचं औषध हाय का रे?"

"न्हाई ग! अमिनो ॲसिड हाय!"

झालं! आईनं राणीसावरगावला धुरपतामावशीला फोन लावला. "अक्का, मला ॲसिड पाजायलेत!"

दुपारपर्यंत मावशी दोन आडदांड पोरं घेऊन जीपनं हजर! गल्ली गोळा झाली. ईश्वरी रडायली, "खरं सांगा, काय घातलं तुमी?"

"बघा, मीच खातो!" म्हणत मी मूठभर पावडर तोंडात कोंबली. ती घशात अडकली. डोळे बाहेर, तोंडाला पांढरा फेस! मावशीनं ऊर बडवला. पोरांनी मला सोयाबीनच्या पोत्यासारखं जीपमध्ये फेकलं.

तेवढ्यात चौकट धरून आई उठली! "माझ्या लेकराला वाचवा!" म्हणत दोन पावलं आली आणि ओट्यावर कोसळली. तिलाही माझ्या शेजारी निजवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला भरपूर पाणी पाजलं. आईचं हाड शाबूत निघालं. मग ते माझ्यावर उखडले. "नुसतं ल्युसिन देऊन काय होणार? मुकादम आला, पण विटा कुठायत?" आईला मात्र हळूच विचारलं, "आजी, जेवत का नाही?"

आई म्हणाली, "कुणासमोर जेवू, साहेब? हे समोर बसायचे."

मावशीनं तोंड फिरवलं. मी दुकानात जेवायचो, ईश्वरी चुलीपाशी उभ्यानंच. आईचं ताट खाटेवर जायचं. त्या कडू घासानंतर तिला माझ्याबद्दल काय वाटलं असेल, हे विचारायची मला आजही छाती होत नाही.

आता दोन्ही वेळेला मी तिच्यासमोर बसतो. "आधी तू खा," असं म्हणते, निरखून पाहते, मग घास घेते. डाळ, पनीर, दूध, सगळं आधी मला! अजून फारशी चालत नाही, पण काठी टेकत ओट्यापर्यंत येते.

परवा डॉक्टरांनी तिचं वजन केलं. किंचित वाढलं होतं. मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाले, "तुम्ही तेवढं रात्रीचं दूध बंद करा!"