कोरड्या कापसातला ओला मोबाईल

वरवट बकालच्या कडूबाने मोबाईलवर पाऊस लावून घेतला, तो केवळ फुकट होता म्हणून. दुकानदाराने त्याच्या नव्या टचच्या फोनवर एक चित्र टाकून दिलं. काचेवर थेंब साचलेले, बोट लावलं की ओघळणार, भोवती तरंग उठणार, आणि पुसायला जावं तर आणखी थेंब! कडूबा बेहद्द खूश झाला. वरचा पाऊस त्याचं कधी ऐकत नसे. हा निदान बोटाच्या धाकात होता. (घरात त्याच्या धाकात असलेली ही पहिलीच वस्तू.)

घरात बाकी सगळा कापूस होता. बीटी बियाण्याच्या पिशवीवर अळी लागणार नाही असं छापलं होतं, पण बोंडअळीला वाचता येत नसावं. तिने खाऊन उरलेला माल कडूबाने भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. भाव वाढला नाही, खाज वाढली. आलेला पाहुणा पाणी पिण्याआधी पाठ खाजवू लागे. शेवटी बायकोने, रुखमाबाईने, निर्वाणीचं सांगितलं, "आज हा कापूस गेला तं ठीक. नाही तं मी चालली माहेरी, सुलतानपूरले. मंग तुमी आन् कापूस, दोघं करा संसार!"

म्हणून आज कापसाचे व्यापारी हबीबशेठ यांची गाडी यायची होती. शेठ चोख माणूस, पण वजन वाढवायला कापसावर पाणी मारणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. त्यांनी एखाद्याचा माल ओला म्हणून सोडला, की दुसरा व्यापारी त्या दारात फिरकत नसे.

कडूबा मोबाईल रांजणाजवळ ठेवून अंघोळीला गेला. तेवढ्यात रुखमाबाईची नजर पडली. मोबाईलवर थेंबच थेंब! तिने तळहाताने पुसलं, तर थेंब वाढले. जोरात पुसलं, तर तरंग उठले. पण बाई हुशार. पाणी कशाने टिपायचं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. तिने मोबाईल कापसाच्या ढिगात खोल खुपसला आणि चहा ठेवायला गेली.

कडूबा अंघोळ करून सदरा चढवतो न चढवतो, तोच हबीबशेठ आले. माल बघायची त्यांची रीत ठरलेली होती. बाही वर करून खांद्यापर्यंत हात ढिगात घालायचा आणि आतली मूठ बाहेर काढायची. काढली, तर मुठीत कापसासोबत मोबाईल! बटण दाबलं गेलं, काच उजळली आणि शेठच्या डोळ्यांदेखत पाणी वाहू लागलं.

"कडूबाभाऊ, कापसाले पानी मारलं?"

"नाही हो शेठ! ते चित्र आहे."

शेठनी (त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा) बोट फिरवलं. थेंब ओघळला. "चित्र आहे तं वाहून काऊन राह्यलं?"

"बोट लावलं की वाह्यते."

"मंग पानी आनखी काय करते?"

कडूबाला घाम फुटला आणि तो वाकून दाखवायला गेला, तर घामाचे खरे थेंब काचेवर पडले. शेठनी चाचपून बघितलं. ओलं लागलं.

"माह्यावर भरोसा नसन तं माह्या बायकोले इचारा!" कडूबा ओरडला.

रुखमाबाई चहा घेऊन दारात उभीच होती. ती जन्मात खोटं बोलली नव्हती, आणि आजच सुरुवात करावी असं काही तिला वाटलं नाही.

"हाव भाऊ, चिंब ओला होता. म्हनून तं मीच कापसात ठेवला."

शेठ चहा न घेता उठले. ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली. रुखमाबाई पिशवी शोधायला आत वळली. कडूबाला सुलतानपूरची एसटी डोळ्यांपुढे दिसू लागली आणि त्याचं डोकंच फिरलं.

"थांबा शेठ! ओला मोबाईल कसा असते, ते दाखवतोच तुमाले!" असं म्हणत त्याने मोबाईल रांजणात बुचकळून वर काढला.

काच काळीठिक्कर पडली. कडूबाने तो सदऱ्याला पुसून पुढे केला. शेठनी उलटासुलटा करून पाहिला, बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही म्हणता काही वाहिलं नाही.

"आता कसा बरोबर कोरडा दिसून राह्यला," शेठचं समाधान झालं. "भरा रे माल!"

कापूस गेला. रुखमाबाई मोकळ्या खोलीत पंख्याखाली पाय पसरून बसली, तेव्हा कडूबाला अगदी भरून आलं. पण हातातल्या मोबाईलमधून आता खरंच पाणी गळत होतं. तो गाडीमागे धावला.

"शेठ, मूठभर कापूस द्या हो! मोबाईल वाळवाचा आहे."

शेठनी गाडी थांबवली. मोबाईलमधून गळणारा थेंब बोटावर घेऊन नीट बघितला.

"कडूबाभाऊ, कापूस आता माहा आहे. आधी मोबाईल कोरडा करून आना. ओली वस्तू मी माह्या कापसात ठेवू देत नाही."